एदेबिरी मास्तरांचे महाराज

एदेबिरी मास्तरांच्या बैठकीच्या खोलीला भिंती चार असल्या तरी उपयोगाची एकच होती. एकीत दार, दुसरीत खिडकी. तिसरीला मास्तरांची पुस्तकांची कपाटं टेकलेली होती, आणि ती हलवली तर कपाटं पडतील की भिंत, याची खुद्द मास्तरांनाही खात्री नव्हती. उरली चौथी. तिच्यावर मधोमध महाराज होते.

महाराज म्हणजे आमच्या बेनिन शहराच्या कुणा जुन्या राजाच्या पितळी मस्तकाचं छापील चित्र. हनुवटीपर्यंत चढलेली पोवळ्यांच्या माळांची चळत, जड पापण्या, आणि दारातून येणाऱ्याला 'आपण कोण?' असं विचारणारी नजर. नोकरी लागली त्या वर्षी मास्तरांनी ते रिंग रोडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं होतं. त्या काळी रिंग रोडवर संध्याकाळी फिरायला जाता येत असे. आता तिथे संध्याकाळी रस्ता ओलांडला तरी माणूस घरी येऊन पराक्रम सांगतो. न्यू बेनिनच्या बाजारातल्या एका सुताराने तयार असलेली एक चौकट काढली, त्यात चित्र बसवलं, काच लावली आणि हौसेने चारही कोपऱ्यांना पितळी पत्रे ठोकले. तेव्हापासून घराला दोनदा रंग झाला, एकदा छप्पर उडालं, मुलगा झाला, शिकला, लागोसला गेला. महाराज जागचे हलले नाहीत.

ते हलायची वेळ आली ती त्या मुलामुळेच. एफोसा लागोसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि आईवडिलांवर त्याचा फार जीव होता. तो जीव सहसा मालमोटारीने यायचा. गेल्या नाताळला एफोसा येणार होता, त्याच्याऐवजी फ्रीज आला. ईस्टरला नक्की येणार होता, जनरेटर आला. आता आईच्या वाढदिवसाला टीव्ही निघाला होता.

"अहो, ऐकलंत का? शनिवारी ड्रायव्हर टीव्ही घेऊन येतोय," अमेन्झेबाई म्हणाल्या. "तुमच्या महाराजांना म्हणावं, मुक्काम हलवा."

"कुठे?"

"मागच्या खोलीत. जनरेटरच्या शेजारी. जागा हवेशीर आहे."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला राजे पदच्युत होताना पाहायची सवय असते, पण ते पुस्तकात. "तसं नाही हलवता येणार," ते चाचरत म्हणाले. "ते... मौल्यवान आहे."

"किती?"

"आता किती म्हणजे... हल्ली परदेशात लुटून नेलेली आपली शिल्पं परत येताहेत. लोक केवढाली किंमत करतात त्यांची."

"शिल्पांची. हा कागद आहे."

"कागदालाही किंमत असते."

"मग काढून आणा," बाई म्हणाल्या. "जाणकार माणसाकडून. तुम्ही स्वतः सांगितलेली चालणार नाही, तुम्हाला तर बाजारात रताळ्याची किंमत कळत नाही. किंमत निघाली तर राहू दे भिंतीवर. नाही निघाली तर शनिवारी सकाळी मी स्वतः उतरवते."

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती सांगायचा मास्तरांना संकोच वाटत होता. त्यांची आई एहोर गावाहून त्यांच्याकडे राहायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी ती दारात थबकली होती. मग तिने गाठोडं खाली ठेवलं, भिंतीसमोर गुडघे टेकले आणि राजाला घालतात तो मुजरा घातला. "आई, अगं कागद आहे तो!" मास्तर म्हणाले. त्यावर आई म्हणाली, "कागदावर का असेना, डोकं राजाचं आहे ना? तो भिंतीवर असताना आपण तसंच जाऊन चहा प्यायचा?" त्यानंतर गेली त्या दिवसापर्यंत, रोज सकाळी, चहाच्या आधी. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचा फोटो एकच होता, त्यातही ती हललेली. त्या भिंतीखालची जमीन मात्र मास्तरांना आईची जागा वाटायची. पण सत्तरी उलटलेल्या माणसाने बायकोला असलं काही सांगायचं म्हणजे फारच झालं. त्यापेक्षा किंमत सांगणं सोपं. असं मास्तरांना तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चित्र उतरवलं, पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि दार ओलांडलं. समोर एसोहे मावशी रस्त्याकडेला अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळत बसल्या होत्या. पांढऱ्या कापडातली ती लांबट वस्तू बघून त्यांच्या हातातला झारा तेलात पडला.

"अरे देवा! मास्तर, कोण गेलं?"

"कुणी नाही. किंमत काढायला चाललोय."

"कुणाची?"

मास्तरांनी खुलासा केला. त्यांचा खुलासा नेहमी 'त्याचं असं आहे की' इथून सुरू व्हायचा आणि विषयापर्यंत पोचायला वेळ घ्यायचा. तेवढ्यात शेजारचे पा ओबासोगी पंखा हलवत बाहेर आले. पा ओबासोगी कोर्टातले निवृत्त बेलीफ. जप्तीला गेले की जप्तीआधी ते घरमालकाला रीतिरिवाज समजावून सांगायचे. निवृत्तीनंतर जप्ती सुटली, समजावणं राहिलं.

"उतरवताना मानाचं कोलाफळ फोडलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही, पा."

"राजाचं मस्तक भिंतीवरून उतरवलं आणि कोला फोडलं नाही?" पा ओबासोगींनी आकाशाकडे पाहिलं. "उग्बोवोच्या एका माणसाने असंच केलं होतं. पाय सुजला त्याचा. हा एवढा."

"तो शिडीवरून पडला होता, पा," एसोहे मावशी म्हणाल्या.

"पण शिडीवर कशाला चढला होता? मस्तक उतरवायला!" मावशी तेलातला झारा काढायला वळल्या. मास्तरांपाशी याला उत्तर होतं, पण ते 'त्याचं असं आहे की' पाशीच अडलं. अखेर चित्र पुन्हा आत नेलं, खुर्चीवर ठेवलं, कोला फोडलं. निम्मं पा ओबासोगींनी खाल्लं. मग मास्तर सरकारी कचेरीत गेले.

कचेरी कुठली ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच असतात. खिडकीमागच्या साहेबांनी चादर बाजूला केली आणि ते एकदम सावध झाले.

"हे कुठून मिळवलंत?"

"दुकानातून. विकत."

"सगळे असंच म्हणतात. मूळ आहे की नक्कल?"

"साहेब, कागद आहे हा. मूळ पितळेचं असतं."

"ते तुम्ही म्हणता. ही वस्तू पुरातन नाही असा दाखला आहे तुमच्याकडे?"

"नाही. पण बघा ना, घडी पडते—"

"दाखल्याशिवाय किंमत काढता येत नाही. दाखल्यासाठी वस्तू इथे जमा करायची. तज्ज्ञ तपासतील."

"कधी?"

"तज्ज्ञ आले की."

"ते कधी येतील?"

साहेबांनी या प्रश्नाकडे तत्त्वज्ञाच्या कुतूहलाने पाहिलं. "शिवाय," ते म्हणाले, "जमा करताना ही वस्तू पितळेची नाही याचा पुरावा जोडावा लागेल."

मास्तरांनी काचेवर बोटाने टकटक केली. साहेबांनी कान दिला. "काच वाजली," ते म्हणाले. "आत काय आहे कुणी सांगावं?"

भीक नको पण कुत्रा आवर, असं मनात म्हणत मास्तरांनी चादर गुंडाळली. त्यांच्या मागे रांगेत एक गृहस्थ बकरीच्या लाकडी बाहुलीला दाखला घ्यायला उभे होते. "मी तिसऱ्यांदा येतोय, सर," ते मास्तरांच्या कानात म्हणाले. "पहिल्यांदा आणली तेव्हा नवी होती. आता खरोखरच पुरातन व्हायला आलीय."

घरी अमेन्झेबाईंनी फक्त भुवई वर केली. मास्तरांना ती भुवई चांगली ओळखीची होती. तिच्यावर त्यांचा संसार पन्नास वर्षं चालला होता.

वाट दाखवली ती एसोहे मावशींनी. पलीकडच्या पेठेत एक उसिफोबाई राहतात, विद्यापीठात चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. मावशींच्या अकाराच्या गिऱ्हाईक. "त्यांना जुन्या मस्तकांतलं सगळं कळतं. फक्त स्वभाव कडक आहे. तिखट कमी असलं तर अकारा परत पाठवतात." बाईंनी शुक्रवारी दुपारची वेळ दिली. निरोपात एवढंच होतं की शांतता असावी, गर्दी आणू नये.

शुक्रवारी निघताना पुन्हा सल्ले झाले. "पांढऱ्यात नको," मावशी म्हणाल्या, "काल अर्ध्या गल्लीने मला विचारलं कोण गेलं म्हणून." त्यांनी घरातून लाल कापड आणलं, लेकीच्या लग्नातलं. ते आखूड पडलं आणि चौकटीचे पितळी कोपरे चारी बाजूंनी बाहेर राहिले. पा ओबासोगींनी मंजुरी दिली. "लाल शोभतं. आणि मीही येतो. राजाच्या पुढे कुणीतरी चालायला हवं."

टॅक्सीवाला थांबला. त्याने मागची डिकी उघडली. डिकीत कच्ची केळी होती आणि एक जिवंत कोंबडा.

"राजाचं डोकं कोंबड्याशेजारी?" पा ओबासोगी गरजले.

"मग मांडीवर घ्या, बाबा. पुढे तिघं आहेत, मागे चौघं."

"म्हणजे लोकांच्या पायांच्या उंचीवर!"

"बाबा, राजाला एवढं असेल तर चालत जाऊ दे की," टॅक्सीवाला म्हणाला आणि धूर सोडून गेला.

तेव्हा चालतच निघाले. मास्तरांचे हात लवकर भरून आले, म्हणून मावशींनी चित्र घेतलं आणि सवयीने डोक्यावर ठेवलं. अकाराची परात त्यांनी जन्मभर अशीच नेली होती. कापड घसरू नये म्हणून त्याचं टोक दातांत धरलं. पुढे पंखा हलवत पा ओबासोगी, मधे डोक्यावर लाल कापडातली, पितळेने चमकणारी वस्तू घेतलेल्या एसोहे मावशी, मागे मास्तर. मास्तरांनी विद्वान बाईंकडे जायचं म्हणून पांढरेशुभ्र कपडे घातले होते.

बेनिनचा कुणीही माणूस हे दृश्य बघून एकच समजला असता. आणि मास्तर बेनिनचेच असून त्यांच्या ते लक्षात आलं नाही, याला काय म्हणावं? पुस्तकं, दुसरं काय. माणूस पुरला म्हणजे सगळं संपलं असं आमच्या शहरात नसतं. ऐपत आली, भाऊबंद जमले की मुलांनी मागाहून मोठं उत्तरकार्य करायचं असतं, आणि त्यात लाल कापडाची, पितळेने सजवलेली पेटी डोक्यावर घेऊन वाजतगाजत गल्ल्यांतून नाचत जायचं असतं. पुढे पंखेवाला. मागे पांढऱ्या कपड्यांत मुलगा.

इगुन गल्लीच्या तोंडाशी समोरून वाजंत्रीवाले आले. कुठलंतरी कार्य उरकून परत चालले होते, आणि अजून त्यांचे हात थांबायला तयार नव्हते. ढोलकरी मावशींसमोर उभा राहिला. "कुणाचं हो, मावशी?"

मावशींच्या दातांत कापड होतं. त्यांनी मान न हलवता डोळ्यांनी मागे खूण केली. ढोलकऱ्याने मास्तरांना पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "मास्तर! मी ओसारूग्वे, मागच्या बाकावरचा! आईचं कार्य काढलंत? शेवटी काढलंत!"

"त्याचं असं आहे की—" मास्तर म्हणाले.

ढोल सुरू झाला.

'नाही' हा शब्द लहान आहे. तो आधी म्हटला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मास्तरांना प्रस्तावनेशिवाय नाही म्हणता येत नसे. प्रस्तावना संपेपर्यंत भोपळ्याची खुळखुळी वाजू लागली होती, इगुनचे पितळ ओतणारे कारागीर भट्ट्या सोडून दारात आले होते, आणि त्यातल्या दोघांनी घंटा उचलून ताल धरला होता. पा ओबासोगींना खरं तर सगळं कळत होतं. पण एवढ्या वर्षांनी त्यांच्या पंख्यामागे जमाव चालत होता. त्यांनी पंखा अधिकच डौलाने हलवला.

बायका येऊन मिळू लागल्या. "उशिरा का होईना, केलं पोराने," एक म्हणाली. "शिकलेली माणसं अशीच," दुसरी म्हणाली, "आधी विचार करतात, मग म्हातारे होतात." मास्तर दोघींनाही खुलासा करणार होते. पण ओट्यावर बसलेली एक अगदी जख्ख म्हातारी काठी टेकत उठली आणि तिने त्यांचा हात धरला.

"तू एदेबिरीचा ना? तुझी आई एहोरहून यायची तेव्हापासून माझ्याशेजारी गारीचं पीठ विकायची. सगळ्या बाजाराला सांगायची, माझ्या लेकाच्या घरी राजा राहतो म्हणून. आम्ही म्हणायचो, थापा मारतेस. ती म्हणायची, रोज सकाळी मी त्याला भेटून येते!" म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "आणि तुझे पहिले बूट कुठून आले ठाऊक आहे? अख्खा पावसाळा ती भिजत बसली, छत्री नाही घेतली. म्हणे, मास्तर होणाऱ्याच्या पायात बूट नकोत?"

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. बूट आठवत होते. तपकिरी, अंगठ्यापाशी टोचणारे. ते टोचतात म्हणून त्यांनी कुरकुरही केली होती. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, यावेळी प्रस्तावनाही सुचली नाही. म्हातारीने त्यांचा हात वर केला आणि खांदे हलवले. मास्तर नाचले. आपल्याला नाचता येत नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, आणि ते खरंच होतं. उजवा पाय एका तालावर, डावा त्याचा निषेध करत. पण एकदा सुरू झाल्यावर ते थांबले नाहीत. चष्मा नाकाच्या टोकावर आला, सदरा घामाने पाठीला चिकटला, आणि मागे असलेल्या कारागिरांपैकी कुणीतरी म्हणालं, "मास्तर असे होते हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलंच नाही."

अशा रीतीने शांतता पाळत, गर्दी न आणता, मास्तर उसिफोबाईंच्या फाटकाशी पोचले.

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. "घर चुकलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "इथे कुणी मेलेलं नाही. मी एकटीच राहते."

"मी एदेबिरी," मास्तर धापा टाकत म्हणाले. "चित्राची किंमत... दुपारची वेळ दिली होतीत."

बाईंनी मास्तरांकडे, ढोलाकडे, मग अंगणात शिरणाऱ्या गर्दीकडे पाहिलं. "आणि हे सगळे बोली लावणार आहेत?"

मावशींनी चित्र उतरवलं. कापड सुटलं. गर्दीत कुजबुज झाली. पेटीऐवजी चित्र निघालेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण हल्ली लोक नव्या पद्धती काढतात, असं एकाने दुसऱ्याला समजावलं, आणि सगळे निकाल ऐकायला दाटीवाटीने उभे राहिले. मास्तरांच्या मनात आलं, एकांतात होणारा अपमान आता वाद्यांसकट होणार.

उसिफोबाईंनी चष्मा बदलला. चित्र उजेडात धरलं, तिरकं केलं, नाकाजवळ नेलं. "कॅलेंडर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भिंतीवरचं कॅलेंडर. कुठल्यातरी कंपनीचं. तारखा खालून कापल्यात. हजारोंनी छापलेलं असणार. रंग उडालाय, मागून वाळवी लागलीय. किंमत विचाराल तर काहीच नाही. चौकट चूल पेटवायला बरी."

सगळं अंगण चुकचुकलं. मास्तरांनी मान खाली घातली. शनिवार त्यांना आत्ताच दिसू लागला. जनरेटरच्या शेजारची हवेशीर जागा.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या चौकटीची वरची कड चाचपत होत्या. त्यांनी आतून लोणी लावायची सुरी आणली आणि मागचे खिळे एकेक करून काढले. "हा कुणी केला अन्याय? चौकट आखूड म्हणून वरचा कागद चांगला चार बोटं मागे दुमडून टाकलाय."

त्यांनी दुमड हलकेच उलगडली. इतकी वर्षं अंधारात राहिलेला तो पट्टा नव्यासारखा ताजा होता. कपाळाच्या वर पोवळ्यांची जाळी चढत गेली होती, निमुळती होत होत, आणि टोकाला पुढे झुकली होती पक्ष्याच्या चोचीसारखी.

त्या शिरोभूषणाची ओळख आमच्या शहरात कुणाला करून द्यावी लागत नाही. पहिली टोपी पा ओबासोगींनी काढली. ढोलकऱ्याने काठी काखेत घातली.

"राजमाता," मावशी हळूच म्हणाल्या.

"म्हणजे हे महाराज नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

उसिफोबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एदेबिरी सर, तुम्ही इतिहास शिकवायचात ना?"

"चोच दुमडलेली होती हो," मास्तर क्षीणपणे म्हणाले.

पण गर्दीला मास्तरांच्या अज्ञानात रस नव्हता. "आईच्या कार्यात राजमाता!" ओसारूग्वे ओरडला. "मास्तरांनी काय डोकं चालवलं बघा! पेटीला पितळ कुणीही लावतो!" आणि ढोल पुन्हा सुरू झाला. पा ओबासोगींनी मास्तरांच्या कानाशी लागून, राजाच्या मानाने काढलेली मिरवणूक राजमातेला चालते का, हा नाजूक प्रश्न उपस्थित केला. विचाराअंती त्यांनी स्वतःच निर्णय दिला की चालते, फक्त घरी पोचल्यावर आणखी एक कोला फोडावं लागेल.

मिरवणूक घरीच संपते, आणि जिथे संपते तिथे लोक जेवतात. अमेन्झेबाई दारात आल्या तेव्हा गल्लीत मावत नव्हते इतके लोक होते आणि सगळ्यांच्या मधे त्यांचा नवरा नाचत होता. बाईंनी नवऱ्याला लग्नातही नाचताना पाहिलं नव्हतं. त्या काही विचारणार होत्या, पण बायकांनी त्यांना ओढलं, "सूनबाई, तुमच्या सासूचं कार्य, आणि तुम्ही दारात?" आणि सुनेला नाचावंच लागतं. चुलीवर ओग्बोनोच्या सूपचं मोठं पातेलं होतं. ड्रायव्हरबरोबर एखादे वेळी एफोसाच येईल म्हणून बाईंनी ते केलं होतं. तसं त्या प्रत्येक वेळी करायच्या. ते संपलं. फ्रीजमधलं संपलं. शेजारणींनी आपापल्या घरून कुटलेलं सुरण आणलं, तेही संपलं. पा ओबासोगींनी कोला फोडलं.

सगळे पांगले तेव्हा अजून ऊन होतं. चित्र एका खुर्चीवर उभं होतं, समोरच्या दोन खुर्च्यांवर नवराबायको पाय पसरून बसली होती.

"किती निघाली किंमत?" बाईंनी विचारलं.

मास्तरांना सांगता आलं असतं काहीही. "शून्य," ते म्हणाले. "कॅलेंडर आहे."

बाईंनी खुर्ची जरा त्यांच्याकडे सरकवली. म्हणूनच असेल, मास्तरांनी सगळं सांगितलं. आईचे गुडघे, भिंतीखालची जागा, आजचे बूट. प्रस्तावना न करता.

"हे मला सांगताय?" अमेन्झेबाई म्हणाल्या. "तुम्ही शाळेला निघायच्या घाईत असायचात. गुडघे टेकल्यावर त्यांना उठता यायचं नाही. रोज हात धरून उठवायचे मी." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "हे आधी का नाही बोललात?"

"तू किंमत विचारलीस."

"मी विचारली म्हणून तुम्ही किंमतच सांगायची?" मग त्या चित्राकडे पाहत राहिल्या. "आणि इतकी वर्षं मी हिला तुमचे महाराज म्हणत आले. काय वाटलं असेल बिचारीला. होती कशी हो ती?"

हा प्रश्न मास्तरांच्या आवाक्यातला होता. "मुलगा राजा झाला की तो आईला राजमातेचा मान द्यायचा. तिला वेगळा वाडा, शहराबाहेर, उसेलूला. नोकरचाकर, गावं, पोवळी. पण मग तिने मुलाला भेटायचं नाही, अशी रीत होती."

"भेटायचंच नाही? पुन्हा कधीच?"

"असं सांगतात. माणसं जा-ये करायची. निरोप यायचे, भेटवस्तू यायच्या. सगळं यायचं."

"सगळं यायचं," बाई म्हणाल्या. कोपऱ्यात फ्रीजची मोटर सुरू झाली, थोडा वेळ घुरघुरली आणि बंद पडली.

शनिवारी ड्रायव्हर टीव्ही घेऊन आला. एकटाच. खोकं एवढं मोठं होतं की दारातून आडवं करून आणावं लागलं. ड्रायव्हर हातोडी घेऊन चौथ्या भिंतीकडे वळला, आणि तिथे मास्तर शिडीवर चढून चित्र लावत होते. नव्या, उंच चौकटीत, जी पा ओबासोगींनी कुठल्यातरी जुन्या जप्तीच्या सामानातून शोधून आणली होती. खाली अमेन्झेबाई शिडी धरून 'डावीकडे, अहो डावीकडे' म्हणत होत्या. त्यांच्या कमरेला खोचलेला फोन वाजला.

"आई, पोचला का टीव्ही? केवढा मोठा आहे बघितलास?"

"पोचला. खोक्यात आहे."

"ड्रायव्हर लावून देईल की. बैठकीतली ती समोरची भिंत आहे ना—"

"तिथे जागा नाही."

"अगं, ते बाबांचं जुनं चित्र काढायचं. कागद तर आहे."

"ते आता निघत नाही," बाई म्हणाल्या. "दुसरीकडे जागा बघायला पाहिजे. कपाटं सरकवावी लागतील. तुझ्या बाबांच्याने होत नाही, आणि परक्या माणसाला मी तुझ्या बाबांच्या पुस्तकांना हात लावू देणार नाही. घरचंच माणूस पाहिजे."

पलीकडे लागोसच्या रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते. शिडीवर मास्तर खिळा तोंडात धरून निश्चल उभे होते.

"उद्या सकाळी निघालो तर दुपारपर्यंत पोचेन," एफोसा म्हणाला. "काय आणू येताना?"

"काही नको," अमेन्झेबाई म्हणाल्या. "रिकाम्या हाताने ये."